श्रमदान कोणाच्या तलावासाठी?

श्रमदान ही पोट भरलेल्यांची चैन असून रोजी बुडवून फुकट राबणे गरिबाला परवडत नाही, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत, कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले मालगुजारी (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळातले) तलाव आजही धानाला पाणी देतात. त्यांची पाळ (मातीचा बांध) दुरुस्त करणे, पाट साफ ठेवणे आणि गाळ उपसणे ही कामे गावकरी मिळून करीत असत. (मालगुजाराच्या काळी ते सारेच राजीखुशीने होत असेल, असे मानण्याचे अर्थात कारण नाही.) १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावानेही हात आखडता घेतला.

आज अशा कित्येक तलावांत बेशरम ही तणासारखी पसरणारी झुडपी वनस्पती माजलेली दिसते. ती नुसती कापून भागत नाही. ओल्या चिखलात पडलेल्या कांडीलाही पुन्हा मुळे फुटतात, म्हणून उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ती मुळासकट उपटून, कोरड्या जागी वाळवून जाळावी लागते. हे काम कंत्राटदाराच्या एका बिलात उरकणारे नाही. त्यासाठी दरवर्षी तलावात उतरणारी माणसे लागतात.

मात्र घाम भूमिहीनांनी गाळायचा आणि पाणी पाळीखालच्या मोठ्या शेतकऱ्यांच्या बांध्यांना (धानाच्या खाचरांना) मिळायचे, अशी वाटणी असेल तर घरी बसणाऱ्या मजुराला दोष देता येणार नाही. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांचा आणि शेत नसलेल्यांचा वाटा ग्रामसभेत आधी ठरवून घ्यावा, टोपली-फावडे त्यानंतर उचलावे.