मदत हवी आहे: जपानी एस्केप गेममधला चार आकडी कप्पा उघडत नाही (उत्तर नको, दिशा सांगा)

नमस्कार मंडळी,

ब्राउझरवर फुकट खेळता येणाऱ्या एका जपानी एस्केप गेममध्ये (कोडी सोडवत बंद खोलीतून सुटायचा खेळ) आम्ही तीन दिवस अडकलोय. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. बाबांचं वय ७४. गेल्या महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झालं, अजून दोन आठवडे फारसं हलायचं नाही. टीव्हीला ते कंटाळलेत, पेपरातलं शब्दकोडं सकाळी नवाच्या आत संपतं. म्हणून एका संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवून हा गेम लावला. बाबा आयुष्यभर फिटर होते. कुलूप दिसलं की ते उघडेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. आता संध्याकाळचे सहा वाजले की तेच मला हाक मारतात.

गेमचं नाव जपानी लिपीत आहे, मला वाचता येत नाही, म्हणून खोलीचं वर्णन करते. एकच खोली, कडेच्या बाणांवर क्लिक करून चारी भिंती बघायच्या. सोफ्याच्या उशीखाली किल्ली मिळाली, तिने टेबलाचा खण उघडला, त्यात रिमोट होता. कुंडीमागे सेल मिळाले. टीव्ही लावल्यावर तीन हात दिसले: कात्री, दगड, कागद. मी नुसती बघत बसले. बाबा म्हणाले, "बोटं मोज." दोन, शून्य, पाच. त्या आकड्यांनी एक डबी उघडली!

आता कपाटाच्या खालच्या कप्प्यापाशी गाडी थांबली आहे. त्याला चार आकड्यांचं कुलूप आहे आणि प्रत्येक आकड्यावर एक चित्र: ज्वाळा, झाड, चंद्रकोर, सोन्याची वीट. याच क्रमाने. खोलीतली झाडं मोजली, दिवे मोजले, काही जमलं नाही. दहा हजार आकडे एकेक करून फिरवायचे नाहीत, बाबांना ते मुळीच मान्य नाही. यूट्यूबवरचा वॉकथ्रू, म्हणजे सगळी उत्तरं दाखवणारा व्हिडिओही नको म्हणतात. कुठे बघायचं एवढंच सांगा.

कोडेकर
आधी बाबांना नमस्कार सांगा. बोटं मोजायची युक्ती या गेम्समध्ये नेहमी येते, पण पहिल्याच गेममध्ये ती स्वतःहून सुचणं सोपं नाही.
दोन गोष्टी सांगा. खोलीत अजून कशाचाच उपयोग झाला नाही असं काय उरलंय? आणि हातातल्या वस्तूंवर परत एकदा क्लिक करून त्या मोठ्या करून बघितल्या का? मागच्या बाजूला बरेचदा काहीतरी लिहिलेलं असतं.

धागाकर्ती
वस्तू सगळ्या उलटून बघितल्या, काही नाही. उरलंय ते एक कॅलेंडर. महिन्याचं नाव नाही. वर सात जपानी चिन्हं, खाली तारखा. पहिल्या ओळीत फक्त १, तोही उजवीकडच्या टोकाला. दुसऱ्या ओळीखाली, म्हणजे २ ते ८ च्या खाली, बारीक लाल रेघ आहे. मला वाटलं नुसती सजावट.

तळटीप
जपानी गेम आहे म्हणून सुचवतो: चित्रांच्या जागी त्यांची जपानी चिन्हं धरा आणि ती लिहायला किती फटकारे लागतात ते मोजा. आग ४, झाड ४, चंद्र ४, सोनं ८. ४४४८ लावून बघा.

धागाकर्ती
लावलं. नाही उघडलं. बाबा म्हणाले कल्पना चांगली आहे, पण मग लाल रेघ कशाला?

कोडेकर
बाबांचं बरोबर आहे. चांगल्या गेममध्ये वायफळ काही ठेवत नाहीत. रेघ आहे म्हणजे आकडे त्याच ओळीतून घ्यायचेत. कुठला आकडा कुठल्या चित्राचा, एवढाच प्रश्न उरतो.

साकुरा_पुणे
मी जपानी शिकते, त्यामुळे मला लगेच दिसलं, पण उत्तर सांगत नाही. वरची सात चिन्हं म्हणजे सात वार, डावीकडून रविवारपासून. तुमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेलच. बाबांना विचारा, आपल्या वारांची नावं कशावरून पडली? जपान्यांचीही त्याच सातांवरून पडली आहेत.

धागाकर्ती
ताई, अंगावर काटा आला! बाबांनी लगेच सांगितलं: ग्रहांवरून. चंद्र म्हणजे सोमवार, ३. आग म्हणजे मंगळ, ४. इथवर ते एका दमात आले. पुढे म्हणाले, झाड हिरवं, बुधाचा रंग हिरवा, म्हणून ५. सोनं पिवळं, गुरूचा पुष्कराज पिवळा, म्हणून ६. ४५३६ लावलं आणि... नाही उघडलं. चेहरा पडला त्यांचा. आता त्यांनीच तुम्हाला विचारायला सांगितलंय.

साकुरा_पुणे
काकांना सांगा, विचार अगदी योग्य केला, फक्त तो आपल्या ज्योतिषाने केला. तिकडे पाच ग्रहांना चिनी पंचतत्त्वांची नावं आहेत: आग, पाणी, लाकूड, धातू, माती. धातूचं चिन्ह आणि सोन्याचं चिन्ह एकच. बुधाला तिथे 'पाण्याचा तारा' म्हणतात. म्हणजे झाड बुधाचं नाही. बुधवारला 'सुइयोबी', त्यातला 'सुइ' म्हणजे पाणी. बाकीचे दोन काकांना लावू द्या.

हा नुसता योगायोगही नाही. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध भिक्षूने ग्रह, नक्षत्रं आणि वारांचं भारतीय ज्ञान सांगणारा ग्रंथ चिनी भाषेत आणला, आणि कूकाई या जपानी भिक्षूने तो ८०६ साली चीनहून जपानला नेला. म्हणजे काकांचे वार आणि त्या भिंतीवरचे वार एकमेकांचे नातेवाईकच आहेत.

जुना_खेळाडू
धागा वाचून कॉलेजचे दिवस आठवले. २००४ साली तोशिमित्सु ताकागी यांचा 'क्रिमझन रूम' आला, तेव्हा सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही चौघं एका माऊसभोवती बसायचो. बंद खोलीतून सुटायचे खेळ ब्राउझरवर तिथून सगळीकडे पसरले. पुढे २००७ मध्ये क्योतोला खऱ्या खोलीत माणसं बसवून असा खेळ झाला. आज आपल्याकडे मॉलमध्ये एस्केप रूम दिसतात, त्यांची सुरुवात तिथली.

तेव्हाचे खेळ ब्राउझरमधल्या फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर होते आणि फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं. पण फ्लॅशची जागा घेणाऱ्या 'रफल' नावाच्या एम्युलेटरवर जुने बरेच गेम आजही ब्राउझरमध्येच चालतात. काकांना आवडतील.

एक काळजी घ्या. असे गेम प्रगती बहुधा ब्राउझरमध्येच साठवतात. खासगी विंडोत खेळू नका आणि खेळ संपेपर्यंत ब्राउझरचा डेटा साफ करू नका, नाहीतर परत उशीखालच्या किल्लीपासून सुरुवात.

धागाकर्ती
उघडला!!!

काल संध्याकाळी बाबांनी कागदावर सात वार लिहिले, समोर सात तारखा. बुधापुढे 'पाणी' लिहिलं. मग म्हणाले, गुरू आणि शुक्र, दोनच उरले, एक झाड आणि एक सोनं, आणि शुक्र तर आकाशात सगळ्यांत जास्त चमकतो. झाड गुरुवार, ६. सोनं शुक्रवार, ७. माऊस मी त्यांच्याच हातात दिला. ४, ६, ३, ७. कप्पा सरकला तेव्हा त्यांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारली. ऑपरेशननंतर एवढ्या मोठ्या आवाजात पहिल्यांदाच.

साकुराताई, कोडेकर, तळटीप, जुने खेळाडू, सगळ्यांचे मनापासून आभार. अमोघवज्राची गोष्ट बाबांनी दोनदा वाचून घेतली.

कप्प्यात एक स्क्रू ड्रायव्हर आहे. टीव्हीच्या मागच्या जाळीला चार स्क्रू आहेत, त्यातले तीन निघाले. चौथा निघत नाही आणि त्यावर क्लिक केलं की वेगळाच आवाज येतो. बाबा म्हणताहेत, आज कुणाला विचारायचं नाही.