मदत हवी आहे : बहिणीच्या लेकराला 'ते' म्हणायचं आहे, पण जीभ वळत नाही

मी जळगावची. बहिणीचं लेकरू २२ वर्षांचं, पुण्यात शिकतं. दिवाळीत मला म्हणालं, "मावशी, मला ना तो म्हण, ना ती. 'ते' म्हण." मी मनापासून हो म्हटलं.

परवा शेतात भरीत पार्टी होती. तुराट्यांवर वांगी भाजत होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, ती कुठे गेली?" हातातलं वांगं सोलता सोलता ते थांबले, मान खाली घातली. बोलले काही नाही. मला अजून तो चेहरा दिसतो.

'येईल', 'करेल' यात लिंग नाही. "तुम्ही कधी आलात?" यातही नाही. 'त्यांनी भाकरी खाल्ली' हेही जमतं. अडतं ते 'आला-आली', 'येतो-येते' इथे. 'ते आले' म्हटलं की आमच्याकडे वाटतं कोणी जावईबापू आले! नपुंसकलिंगी 'ते आलं' मला नको, माणसाला वस्तू केल्यासारखं होतं. लेकरू म्हणून चालतं, पण ते किती दिवस?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. आमच्या घरातही तेवढा मान मिळावा, एवढंच वाटतं.

ज्यांच्या घरी असं आहे, त्यांनी सांगा : भूतकाळात तुम्ही कसं बोलता? आणि ७८ वर्षांच्या माझ्या आईला, जी दिवसभर अहिराणीच बोलते, हे कोणत्या शब्दांत समजावू? पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, सगळे नातेवाईक जमतील.