ऑफिसात माणसं सांभाळणारे वस्तीच्या कामात पुढे का येत नाहीत?

मिहानवाला:
2023 च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, आमच्या लेआउटमधल्या तळमजल्यांत पाणी घुसलं, तेव्हा रातोरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनला आणि त्यातूनच पुढे रहिवासी समिती उभी राहिली. सगळे चाळीस-पन्नाशीतले. एक नर्स ताई, रेल्वेतले तेलुगू भाऊ, इतवारीत दुकान असलेले सिंधी काका, शाळेतले मास्तर, मी आयटीतला. आपापल्या जागी सगळेच कामं करून घेतात, पण मीटिंगमध्ये तेच दोघं बोलतात, बाकीचे "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळे. अध्यक्ष आता थकले, पुढे कोणी तयार व्हायला पाहिजे. लीडरशिपचं ट्रेनिंग ठेवावं काय? कोणी केलं असेल तर सांगा नं.

नाल्याकाठचा:
ट्रेनिंगचं नंतर पाहा भाऊ, आधी काम द्या, अख्खं काम. ऑफिसात लोक ऐकतात कारण पगार नि अप्रेजल तुमच्या हातात असतं, लेआउटमध्ये शेजारी कशाला ऐकेल? तिथं पटवावंच लागते, आणि ते करता करताच येते. आमच्याकडे पावसाळ्याआधी नाल्या साफ करून घ्यायचं काम बँकेतल्या एका ताईंना दिलं. मनपाच्या झोन ऑफिसला कोण जाणार, सुरुवात कोणत्या चेंबरपासून, वर्गणीतले पैसे कुठं लावायचे, सगळं त्यांनीच ठरवायचं आणि अध्यक्षांनी मधात पडायचं नाही. पहिल्या मीटिंगला त्या कागद पाहून बोलत होत्या. मग प्रत्येक चेंबरवर खडूनं नंबर टाकून फोटो काढले, ज्युनियर इंजिनियरपुढे ठेवले, आता नव्या माणसाला सोबत घेऊन त्याच जातात. तुमच्याकडे कामं वाटून राहिले पण निर्णय वाटत नाहीत, असं मला वाटते.

नाइट_ड्युटी:
मीपण नर्स आहे म्हणून लिहिते. मीटिंग रविवारी सकाळी ठेवली तर नाइट करून आलेली बाई झोपेल की येईल? वेळ बदलत ठेवा. आणि ते तेलुगू भाऊ गप्प राहतात कारण सगळं भराभर मराठीत चालत असेल, नागपुरात हिंदी सगळ्यांनाच येते, तर बोला नं हिंदीत. भाडेकरूंनाही बोलवा, पाणी तर त्यांच्याही घरात घुसलं होतं!

चामोर्शी_रोड:
गडचिरोलीत नोकरीला होतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला एकदा जाऊन या. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात, आणि ग्रामसभेशिवाय वेगळा अभ्यासगट बसतो, तिथं निर्णय नाही घ्यायचा, फक्त विषय समजून घ्यायचा. मला हे फार मोलाचं वाटते, कारण चुकेन म्हणून गप्प राहणारा माणूस तिथं बिनधास्त विचारतो. तुम्ही मनपाचं बजेट घेऊन बसा. 74 व्या घटनादुरुस्तीत तीन लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, त्याही वाचा. अडलं तर 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज, आणि तो दरवेळी वेगळ्या माणसानं लिहायचा.

मिहानवाला:
अभ्यासगट लगेच सुरू करतो, मास्तर तयार होतीलच. नाल्यांचं काम सिंधी काकांना विचारतो, हिशेबाला पक्के आहेत. पण अध्यक्ष मधात पडल्याशिवाय राहतील काय?

नाल्याकाठचा:
ठराव करा, वहीत लिहा, सही घ्या त्यांची. आमच्याकडे तसंच केलं होतं. आणि त्यांना घरी बसवू नका, झोन ऑफिसात त्यांची ओळख असेल तर काकांसोबत पहिल्या दिवशी तेच जाऊ द्या, बोलणं मात्र काकांनीच करायचं.