वीस महिन्यांचा मुलगा जेवतच नाही, पोट भरतंय की नाही कसं कळणार?

फोंड्याची_आई
आमचा बाबू वीस महिन्यांचा झाला आणि जेवण म्हटलं की तोंड घट्ट बंद. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकला की दाराकडे पळतो, पाव घेतो, आतला मऊ भाग खातो आणि वरची साल माझ्या हातात. दुपारी वरण-भाताचे चार घास, तेही मोबाईलवर गाणी लावून, पाचव्याला फुर्र करून सगळं माझ्या अंगावर. वाढदिवसाला ९.१ किलो होता, गेल्या आठवड्यात १०.३ भरला, डॉक्टर कार्ड बघून म्हणाले बरा आहे. पण सासूबाई रोज म्हणतात बरगड्या दिसतात, आणि शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा अख्खी वाटी संपवतो. दूध तेवढं मात्र छान पितो, चार बाटल्या होतात दिवसाला, तेवढाच जिवाला आधार. मला रात्री झोप नाही हो, काय करू?

डिचोलीकरीण
अगो आमच्याकडे पण हेच होतं. पहिल्या वर्षात मुलं जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतात, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतात, मग भूक कमी होणारच ना. आणि ह्या वयात मोठ्या माणसाच्या ताटाचा पाव हिस्सा म्हणजे त्यांचं पोटभर जेवण, आपण मात्र आपल्या अंदाजाने वाटी भरतो. शेजारच्याचं सोड, त्यांच्या घरी दुसऱ्या वेळेला काय चालतं ते आपल्याला कुठे दिसतं.

दोन_पोरांचा_बाप
बाकी सगळं ठीक, पण चार बाटल्या? बाटली २४० मिलीची असेल तर जवळजवळ लिटर झालं की. वर्षानंतर दिवसाला चारशे-पाचशे मिली दूध पुरे. पोट दुधानेच भरलं तर वरण-भाताला जागा कुठून येणार, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे जास्त दूध पिणाऱ्या मुलांचं रक्त कमी होतं. आमच्या थोरल्याचं तसंच झालेलं, फिकट दिसायला लागला म्हणून तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, मग कित्येक महिने लोहाचं औषध आणि ते पाजताना रोज कुस्ती. डॉक्टरांना दुधाचं सांगितलंय का? नसेल तर आधी ते सांगा.

म्हापशेची_आजी
मोबाईल बंद करा बाय, आधी ते. आमच्या वेळी नाचणीचं तिजान असायचं, गूळ आणि नारळाचा रस घालून, नाहीतर उकड्या तांदळाची पेज, वर थोडं तूप. नुस्तें, म्हणजे मासे, चालत असतील तर मुडदुशे वाफवून काटे नीट काढून द्या, दोनदा बोटांनी चाचपून, एकदा बघून भागत नाही. आणि मागे मागे चमचा घेऊन पळू नका, त्याला पाटावर आपल्याबरोबर बसवा, पडू दे की खाली चार शितं.

डिचोलीकरीण
आजींचं पटलं, तिजान घट्ट केलं तर स्वतःच्या हाताने चाटून पण खातात. फक्त शेंगदाणे, अख्खी द्राक्षं असलं काही अजून नको, घशात अडकतात. आणि वजन घटलं, दोन-तीन महिने अजिबात वाढलं नाही, लंगोट कमी ओले व्हायला लागले, खेळता खेळता लगेच थकतो, घास गिळताना खोकतो, ह्यातलं काही दिसलं तर मग थांबू नको, तडक दाखव. अंगणवाडीत पण वजन करून कार्डावर टिपका मारून देतात, महिन्याला एकदा बघायचं, रोज रोज काट्यावर चढवायचं नाही.

फोंड्याची_आई
डॉक्टरांना दुधाचं सांगितलंच नव्हतं, मला वाटलं ती चांगली गोष्ट आहे, तक्रार कशाला. फोन करून सांगितलं तर म्हणाले कमी करा आणि पुढच्या वेळी रक्त तपासू. रात्रीच्या दोन बाटल्या बंद केल्या, पहिले तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, सासूबाई माझ्यावर रागावल्या की पोराचं दूध तोडते म्हणून.

आज नववा दिवस. सकाळी पाव घेतला, सालीसकट खाल्ला, वर अर्धी वाटी तिजान. दुपारी परत फुर्र केलं, पण ह्या वेळी सासूबाईंच्या अंगावर.