सहावी ते आठवीचं विज्ञान घरी शिकवून पुरतं का?

मांडवीकाठ:
मुलगी बारा वर्षांची. दीड वर्ष झालं, तिला घरीच शिकवतेय. सासरी-माहेरी सगळ्यांची हरकत एकाच विषयावर: 'गणित, भाषा ठीक आहे गो, पण विज्ञानाची प्रयोगशाळा कुठून आणणार?'

माझं मत, या वयाला आमची दिवाडी, म्हणजे गोव्यातलं मांडवी नदीतलं आमचं बेट, पुरे. मे महिन्यात आम्ही सरबताच्या नळीचं टोक खेळायच्या मातीने बंद करून ती पाण्यात उभी तरंगवली. विहिरीच्या पाण्यापेक्षा फेरीधक्क्यावरच्या नदीच्या पाण्यात ती दोन-तीन मिलिमीटर वर राहिली. जुलैत त्याच धक्क्यावरचं पाणी घेतलं, तर फरक जवळजवळ नाहीच. 'आई, पावसाने नदी गोडी झाली!' घनता हा शब्द मी त्यानंतर सांगितला. खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतल्या, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. दाबाचा धडा आम्ही तिथेच बसून केला.

खडूफळा:
ताई, नळीचा प्रयोग फार आवडला. तरीही माझा विरोध आहे. म्हापशात वीस वर्षं विज्ञान शिकवतोय, म्हणून एकच विचारतो. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून वर ग्लास पालथा घातला की पाणी आत चढतं. का?

बहुतेक घरांत उत्तर येतं, 'ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली.' हे चूक आहे. ऑक्सिजन वापरला जातो तसा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयारही होते. मुख्य कारण उष्णता: तापलेली हवा फुगते, थोडी ग्लासाच्या कडेखालून बाहेर पडते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते. हे माझ्या वर्गात एका मुलीमुळे निघालं. ती म्हणाली, 'सर, ऑक्सिजन हळूहळू संपतो, मग पाणी ज्योत विझतानाच एकदम का चढतं?' चाळीस मुलांत असं एखादं निघतंच. घरी एकटं मूल आई सांगेल ते वहीत उतरवतं. तुमची चूक पकडणार कोण?

मांडवीकाठ:
सर, मी तिला ऑक्सिजनचंच कारण सांगितलं होतं. तुमचं वाचून रात्री पुन्हा मेणबत्ती लावली. कडेने बुडबुडे निघताना स्पष्ट दिसले. सकाळी तिला माझी चूक सांगितली, तिने वहीतलं जुनं उत्तर खोडलं. पण हे चुकीचं उत्तर मला शाळेतच मिळालं होतं, पन्नास जणांच्या वर्गात. बाईंनी मेणबत्ती लावली, आम्ही बाकांवरून पाहिली. ग्लासाला हात लावायला मिळाला नाही कुणालाच.

फोंड्याचा बाबा:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. आम्ही नवराबायको दोघं नोकरीला, मुलासोबत धक्क्यावर कोण बसणार? हे ज्यांना परवडतं त्यांचं शिक्षण आहे, एवढं तरी मान्य करा. पुढचाही विचार हवा. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळ, त्यांची 'सी' पातळी आठवीच्या बरोबरीची धरतात, ते ठीक. पण त्यांच्याच दहावीला विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा असते. तिथे परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरणार का?

मांडवीकाठ:
वेळेचं मान्य, अगदी मान्य. मी नोकरी सोडली म्हणून हे जमतंय. उपकरणांचं तेवढं नाही. फोल्डस्कोपमधून, म्हणजे कागदाच्या घडीच्या सूक्ष्मदर्शकातून, तिने कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिल्या, काढल्या, मोजल्या. कोकमाच्या आगळात सोडा घालून रंग पालटताना पाहिला. परीक्षानळीही विकत मिळते.

खडूफळा:
नळी मिळेल हो, तिच्याशी भांडणारी मैत्रीण विकत मिळणार नाही. मी मत बदललेलं नाही. पण शनिवारी दुपारी आमची प्रयोगशाळा रिकामी असते. मुख्याध्यापकांना विचारतो. सातवीतल्या चार मुली येतील, तुमचीही येऊ दे. मेणबत्तीच लावू. पाणी कधी चढेल आणि का, ते प्रत्येकीने आधी लिहून द्यायचं, मी काही सांगायच्या आत.