टॅम्पाजवळ हरिकेन येतंय, आई-बाबा तिकडेच आहेत, कधी निघायला सांगू?

मुक्ता_पाचपाखाडी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आई-बाबा मे महिन्यापासून दादाकडे आहेत, फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला. दादा, वहिनी, चार वर्षांचा पुतण्या आणि हे दोघं. अपार्टमेंट तळमजल्यावर आहे आणि टॅम्पा बेचं (तिथली खाडी) पाणी तिथून चालत दहा मिनिटांवर. मेक्सिकोच्या आखातातलं वादळ आत्ताच कॅटेगरी ३ झालंय, गुरुवारी पहाटे किनाऱ्याला लागेल म्हणतायत. काउंटीने (तिथलं जिल्हा प्रशासन) झोन ए आणि बी ला, म्हणजे पाणी शिरायचा धोका जास्त असलेल्या भागांना, घरं सोडायला सांगितलंय आणि दादाचा पत्ता बी मध्ये येतो.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. वहिनी म्हणते उद्याच निघू. दादा म्हणतो की नकाशावरची मधली रेघ आपल्या उत्तरेला आहे, म्हणजे मेन मार तिकडे बसणार, बुधवारी सकाळचं बुलेटिन बघून ठरवू. आणि बाबा तर ऐकायलाच तयार नाहीत. २६ जुलैला ते कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत पाण्यातून चालत आले होते, तेव्हापासून पाऊस-पाण्याचं कोणी काही सांगायला गेलं की हाच दाखला. वय ७१, इन्सुलिनवर आहेत, गुडघेही दुखतात.

तुमच्यापैकी कोणी तिकडे राहून आलंय का? कधी निघायचं, किती लांब जायचं, काय न्यायचं, आणि आम्ही इथून काय करू शकतो? इथे आम्ही नुसते यूट्यूब बघून एकमेकांना घाबरवतोय.

कोपरखैरणेकर_हवामान

मुक्ताताई, बाकीचं लोक सांगतीलच, मी फक्त त्या मधल्या रेघेबद्दल बोलतो कारण तुमच्या दादाचा हिशोब तिथेच उलटा बसलाय.

उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. आखातातून पूर्वेकडे येणारं वादळ टॅम्पाच्या उत्तरेला किनाऱ्याला लागलं तर टॅम्पा त्याच्या उजव्या बाजूला येतं, आणि त्या बाजूचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणजे आखाताचं पाणी सरळ बे मध्ये ढकलतो. तेच दक्षिणेला लागलं तर वारा जमिनीवरून समुद्राकडे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन नावाचं वादळ सिएस्टा की ला, म्हणजे टॅम्पाच्या दक्षिणेला लागलं, तेव्हा टॅम्पा बेचं पाणी चक्क मागे ओढलं गेलं होतं. पण त्याच्या दोनच आठवडे आधी हेलीन वादळ शंभर मैलांहून जास्त लांबून, समुद्रातूनच उत्तरेकडे गेलं, आणि तरी सेंट पीटर्सबर्गला पाणी सहा फुटांच्या वर चढलं. डोळा, म्हणजे वादळाचं केंद्र, जवळपास फिरकलाही नव्हता. म्हणजे रेघ उत्तरेला असणं ही त्यांच्यासाठी वाईट बातमी आहे, हे दादाला आजच सांगा.

दुसरं, नकाशावर त्या रेघेभोवती जो शंकू काढतात तो फक्त डोळा कुठे जाऊ शकतो तेवढं दाखवतो. वादळ केवढं मोठं आहे, पाणी कुठे शिरेल, हे त्यात नसतं. आणि डोळासुद्धा साधारण तीनातून एकदा शंकूच्या बाहेर जातो. कॅटेगरीचंही तसंच, ती निव्वळ वाऱ्याच्या वेगावर ठरते (३ म्हणजे ताशी १७८ ते २०८ किमी), पाण्याची उंची त्यात धरलेली नाही. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्र लांबवर उथळ आहे, त्यामुळे तिथे पाणी जास्त चढतं.

नॅशनल हरिकेन सेंटरची मुख्य बुलेटिनं आपल्या वेळेनुसार सकाळी ८:३०, दुपारी २:३०, रात्री ८:३० आणि पहाटे २:३० ला येतात. तेवढीच बघा. मधल्या वेळेत यूट्यूबवर जे ओरडत असतात ते बंद करा.

ऐरोली_ते_केपकोरल

मी २०२२ ला केप कोरलमध्ये होतो, फोर्ट मायर्सच्या शेजारी. इयान वादळाच्या वेळी रविवार-सोमवारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी टॅम्पाच होतं. आम्ही शंकूच्या कडेला होतो म्हणून आमच्या कॉलनीत बरेच जण निवांत होते, खिडक्यांना फळ्यासुद्धा ठोकल्या नव्हत्या. मंगळवारी सकाळी आमच्या काउंटीने निघायला सांगितलं आणि बुधवारी दुपारी ते येऊन थडकलं, मधे धड दीड दिवस नाही. आम्ही मंगळवारी जेवणं उरकून निघालो आणि पलीकडच्या किनाऱ्याला मित्राकडे गेलो. परत आलो तेव्हा किचनमधला फ्रिज तरंगत जाऊन ओट्यावर आडवा पडलेला, भिंतीवर स्विचबोर्डच्याही वर चिखलाची रेघ, आणि ड्रॉवर इतके फुगलेले की पहारीने फोडावे लागले. तळमजलाच होता आमचा पण. इयानमध्ये थेट वादळाने जी माणसं गेली त्यातली निम्म्याहून जास्त समुद्राच्या पाण्याने गेली, आणि त्यातली बहुतेक आमच्या ली काउंटीतली.

बाबांना माझ्यातर्फे सांगा की २६ जुलै आम्हीही पाहिलाय, सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, पण ते पावसाचं पाणी होतं. हे समुद्राचं पाणी, लाटांसकट येतं, आणि एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. त्यात कोणी चालू शकत नाही, गुडघे चांगले असले तरी. सहा इंच वाहत्या पाण्यात माणूस पडतो, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात.

निघायचं मंगळवारी पहाटे, बुधवारी नाही. कारण सांगतो. सेंट पीटर्सबर्ग हे टोकाला आहे, तिथून टॅम्पाकडे यायला हॉवर्ड फ्रँकलंड किंवा गँडी पूल, दक्षिणेला स्कायवे, नाहीतर उत्तरेकडून वळसा. वारा सतत ताशी ४० मैलांच्या आसपास वाहायला लागला की हे पूल बंद करतात, आणि तो वारा डोळ्याच्या कितीतरी तास आधी पोचतो. गुरुवारी पहाटेचं वादळ म्हणजे बुधवारी दुपारीच पूल गेले असं धरून चाला. आपल्याकडे वाशीचा आणि ऐरोलीचा पूल एकाच वेळी बंद झाला तर नवी मुंबईकराची जी गत होईल तीच.

आणि फार लांब पळू नका. तिकडचे लोक सांगतात की पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. जॉर्जियापर्यंत गाडी हाणायची गरज नाही. आय-४ हायवेने लेकलंड, नाहीतर त्याच्या पुढे ऑर्लँडो. एरवी दोन तासांच्या आतला रस्ता आहे, पाच-सहा धरा. फक्त मोबाईल होम (हलवता येणारं हलकं घर) सोडून कुठलंही पक्कं घर किंवा हॉटेल, आणि हॉटेलला फोन करून जनरेटर आहे का विचारा. रूम आत्ता या मिनिटाला बुक करा, उद्या दुपारी काही मिळणार नाही. टाकी आज रात्रीच फुल. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तीच घेऊन निघा किंवा उंचावर लावा, खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटऱ्या नंतर पेट घेतात, इयाननंतर हे बऱ्याच ठिकाणी झालं.

घणसोलीचा_राजू

मी दुसरी बाजू सांगतो, रागावू नका. माझे काका २००५ ला ह्यूस्टनला होते, रीटा वादळाच्या वेळी. पंचवीस लाखांच्या वर लोक एकदम रस्त्यावर आले, काका आय-४५ वर एसी बंद ठेवून रात्रभर एकाच जागी, पेट्रोल संपलेल्या गाड्या दोन्ही बाजूला. वादळ यायच्या आधी नुसत्या त्या पळापळीतच शंभरएक माणसं गेली, डॅलसजवळ वृद्धाश्रमाची बस पेटून २३ म्हातारी माणसं गेली. म्हणून वाटतं ७१ वर्षांच्या माणसाला उगाच हायवेवर काढू नये, एखाद्या उंच बिल्डिंगमध्ये ओळखीच्याकडे जावं.

ऐरोली_ते_केपकोरल

राजू, रीटाचं अगदी खरं आहे, पण तिथे ज्यांना निघायची गरज नव्हती असे पण लाखो लोक निघाले म्हणून रस्ते तुंबले. झोन पाडतात ते त्याचसाठी. झोनमध्ये नसलेल्यांनी घरी राहावं, म्हणजे ए-बी वाल्यांना रस्ता मिळतो. हे लोक बी मध्ये आहेत आणि त्यांना दीड-दोनशे किलोमीटरच जायचंय.

मुक्ता_पाचपाखाडी (रात्री ११:०५)

खूप खूप आभार सगळ्यांचे. रेघेचं दादाला सांगितलं, तो गप्पच झाला, मग म्हणाला नकाशा परत बघतो. राजू म्हणतात तसा पर्याय खरंच आहे, दादाचा एक मित्र तिथेच अकराव्या मजल्यावर राहतो, तो या म्हणतोय, आणि बाबांना तेच पटतंय. ते करू द्यायचं का? आणि इन्सुलिनचं काय करायचं?

निवृत्त_सिस्टर_खारघर

मुक्ता बाळा, अकराव्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरं, पण लाईट गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, नळाला पाणी नाही, एसी नाही. खाली चारी बाजूंनी पाणी असेल तर अँब्युलन्ससुद्धा येत नाही. मिल्टनच्या वेळी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस झाला, बांधकामाची क्रेन शेजारच्या इमारतीवर कोसळली आणि शहराचं पिण्याचं पाणीही काही काळ बंद केलं होतं. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय, इन्सुलिनवरच्या माणसाला अकरा मजले चढ-उतार करायला लावू नये आणि तिथे अडकवूनही ठेवू नये. बाहेर पडणं अगदीच जमलं नाही तरच तो पर्याय, नाहीतर काउंटीचं शेल्टर, बहुतेक शाळांमधून असतात. व्हिजिटर व्हिसावर असले तरी तिथे जाता येतं, बाबांना परक्या देशात संकोच वाटेल म्हणून मुद्दाम सांगतेय.

इन्सुलिनचं नीट ऐक. चालू असलेलं पेन बहुतेक कंपन्यांचं साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं, ते बाबांच्या स्वतःच्या पिशवीत ठेवायचं. न उघडलेली पेनं मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये, खाली बर्फाची पिशवी, वर जाडसर नॅपकिनच्या दोन घड्या, त्यावर पेनं. बर्फाला थेट टेकवायची नाहीत, एकदा गोठलं की ते इन्सुलिन फेकायचंच. बंद गाडीत ठेवून कोणी खाली उतरायचं नाही. सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या, त्याचा जादा सेल. साखर खाली गेली तर म्हणून ग्लुकोजची पावडर आणि बिस्किटं हाताशी, डिकीत नाही. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही, म्हणून आईच्या आणि बाबांच्या सगळ्या गोळ्या न्यायच्या, चार दिवसांच्या मोजून नाही, आणि चिठ्ठ्यांचे फोटो तुझ्याकडेही मागवून ठेव. पासपोर्ट, आय-९४ ची (अमेरिकेत आल्याची नोंद) प्रिंट, ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, आणि ती पिशवी कोणाच्या तरी गळ्यात.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. खायला आईला म्हणावं आज दशम्या करून ठेव, दोन दिवस छान टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. गॅस-मायक्रोवेव्हवर अवलंबून राहायचं नाही. पोरासाठी त्याचं नेहमीचं पांघरूण आणि एखादं खेळणं न्या, रात्री परक्या जागी वारा घोंगावायला लागला की मुलं फार घाबरतात.

कोपरखैरणेकर_हवामान

इथून काय करायचं विचारलंत ना, ते राहिलंच. घरातला एकच माणूस नेमा, तो दादाशी बोलेल आणि बाकी मामा-मावश्यांना तो कळवेल. वीस जणांनी वीस फोन केले तर तिकडे चार्जिंग संपतं आणि गाडी चालवणाऱ्याचं लक्ष जातं. कॉल न करता मेसेज करा, नेटवर्क कमजोर असताना मेसेज निघून जातो, कॉल लागत नाही. दादाला दिवसातून दोन वेळा ठरलेल्या टायमाला फक्त 'ठीक आहोत, अमुक ठिकाणी' एवढं टाकायला सांगा. वादळानंतर दिवस-दोन दिवस काहीच आलं नाही तरी घाबरू नका, टॉवर बंद असतात. फ्लोरिडा आपल्या अटलांटाच्या कॉन्सुलेटकडे येतं, त्यांचा नंबर लिहून ठेवा. टॅम्पा एअरपोर्ट वादळाआधी बंद होतं, त्यामुळे तिकिटं शोधत बसू नका.

आणि हो, निघायच्या आधी दादाला मोबाईलवर घरभर फिरून व्हिडिओ काढायला सांगा, कपाटं उघडून, टीव्ही-फ्रिजच्या मागच्या नंबरासकट. तिकडच्या साध्या घराच्या विम्यात पुराचं नुकसान येत नाही, त्याची पॉलिसी वेगळी असते आणि सरकारी पॉलिसी आत्ता काढली तर ३० दिवसांनी लागू होते. पण जे काही क्लेम होईल त्याला व्हिडिओ लागेल.

मुक्ता_पाचपाखाडी (मंगळवार, दुपारी ३:२०)

ठरलं!! आत्ता निघालेत, तिकडे पहाटेचे पावणेसहा वाजलेत. ऑर्लँडोच्या अलीकडे हॉटेल मिळालं, दुसरा मजला, जनरेटर आहे. बाबा शेवटपर्यंत नाही म्हणत होते, शेवटी आईने सांगितलं तुम्ही राहिलात तर मीही राहते, मग उठून स्वतःच थर्मास भरायला लागले. अडीचच्या बुलेटिनमध्ये रेघ अजून उत्तरेलाच आहे. आमच्याकडे फोनचं काम मी घेतलंय, मावशीला राग आलाय पण असू दे.

एकच विचारते, परत कधी यायचं? दादाला शुक्रवारीच घर बघायला जायचंय.

ऐरोली_ते_केपकोरल

छान केलंत, फार बरं वाटलं वाचून. शुक्रवारी नाही. काउंटी 'या' म्हणेल तेव्हाच, आणि पहिल्यांदा दादाने एकट्याने जायचं, दिवसाउजेडी. आई-बाबा आणि पोराला तोवर हॉटेलमध्येच राहू दे. तुंबलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, त्यात गटार असतं आणि तुटलेली वायरही असू शकते. पाणी आत शिरलेलं असेल तर मेन स्विचला हात लावायच्या आधी इलेक्ट्रिशियन. शेजारी कोणी जनरेटर लावला असेल तर तो घरापासून किमान वीस फूट लांब हवा, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली नको, त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास येत नाही आणि दरवेळी वादळानंतर त्यानेही माणसं जातात. फ्रिज बंदच ठेवला असेल तरी लाईट गेल्यावर चार तासच धरतो, त्यामुळे आतलं दूध-भाज्या बिनधास्त टाकून द्या. भिजलेल्या गाद्या-कार्पेट बाहेर काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो. पोचले की इथे कळवा.