लॅब्रेडॉरचं पिल्लू येतंय, फ्लोअरस्टँडर आणि टर्नटेबलचं काय करू?

तबकडीवेडा
मंडळी, सल्ला हवाय. नऊ वर्षं एकेक वस्तू जमवत सेटप उभा केलाय, कमरेएवढे फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे स्पीकर), व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप, बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणि त्याला मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (सुई बसवलेला नाजूक भाग). सगळं हॉलमध्येच, कारण वेगळी खोली नाही. आणि आता लेकीचा तीन वर्षांचा हट्ट जिंकलाय, पंधरा दिवसांत आठ आठवड्यांचं लॅब घरी येतंय. कुत्री मला आवडतात हो, प्रश्न तो नाही. पण परवा लेक पिल्लाचा फोटो दाखवत होती आणि मी आपला त्यातले दात बघत बसलो होतो, यावरून काय ते समजा.

ज्यांच्या घरी दोन्ही सुखाने नांदतंय त्यांनी सांगा, नक्की काय काय बिघडतं आणि कशाची भीती उगाच आहे? स्पीकरवर ग्रिल (पुढचं जाळीचं झाकण) लावून ऐकायचं माझ्या जिवावर येतं. शिवाय संध्याकाळी मी जरा मोठ्यानेच ऐकतो, त्याच्या कानांना त्रास होईल का? 'विकून टाका' आणि 'कुत्रा आणू नका' ही दोन उत्तरं घरातच मिळालीयत, ती नकोत.

गोटूचीआई
दादा, आधी जमिनीवर बसा. खरंच सांगतेय, हॉलभर रांगा आणि त्या उंचीवरून तोंडात काय काय मावेल ते बघून घ्या, तुम्हाला उभ्याने दिसत नाही ते सगळं दिसेल. आमच्याकडे दोन कुत्रे आहेत आणि एक नवरा, ज्याला तुमचाच आजार आहे.

माझा अनुभव असा की स्पीकरला फारसं काही होत नाही, जे होतं ते वायरींना होतं. गोटू पाच महिन्यांचा असताना गाणं चालू असतानाच त्याने उजव्या स्पीकरची केबल चावली, आतल्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आणि अँपचा एक चॅनल गेला. गोटूला काहीच झालं नाही, तो पुढची वायर शोधायला निघून गेला. नवऱ्याचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

पण ती स्पीकरची वायर होती म्हणून मी आज हसतेय. मेनची वायर असेल तर जिवाशी खेळ आहे. दुधाचे दात पडून पक्के यायला साधारण सहा-सात महिन्यांपर्यंतचा काळ जातो आणि तोवर हिरड्या शिवशिवतात, ते काहीही चावतं. सगळ्या वायरी भिंतीलगत केसिंग पट्टीत घाला, उरलेल्या रॅकच्या मागे उचलून बांधा, ऐकणं झालं की बटण बंद करून प्लग काढा. घरात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर पिल्लू यायच्या आधी बसवून घ्या, तो माणसांसाठीही लागतोच. आणि देव न करो पण वायर तोंडात असताना शॉक बसलाच तर पिल्लाला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. नंतर ते ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरकडे न्याच, कारण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.

कडू स्प्रे मिळतो तो लावून बघा, काही कुत्र्यांवर चालतो, आमची दुसरी तो आवडीने चाटायची. हेडफोन सोफ्यावर ठेवायचे दिवस संपले समजा, कानाच्या गाद्यांना आपल्या घामाचा वास असतो आणि त्यांना तोच हवा असतो. रिमोटचंही तसंच, त्यात बटण सेल असेल तर कपाटात. तो गिळला की अन्ननलिका भाजते, तिथे वाट बघत बसायचं नाही.

सोल्डरवाला
ताईंनी केबलचं बरोबर सांगितलं, एक भर घालतो. त्यांचा अँप ट्रान्झिस्टरचा असणार, त्याला शॉर्ट मारतो. व्हॉल्व्ह अँपचं उलटं असतं, त्याला तुटलेली वायर जास्त महागात पडते. एका बाजूचा स्पीकर सुटलेला असताना आवाज चढवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. म्हणून पिल्लू लहान आहे तोवर गाणं लावायच्या आधी दोन्ही केबलवरून एकदा हात फिरवायचा (बंद असताना!). आणि व्हॉल्व्हवरची जाळी माळ्यावर टाकली असेल तर ती खाली काढा. मला माहितीय तुम्ही टाकलीय, सगळेच टाकतात. काच नाक भाजण्याइतकी तापते आणि आत शेकड्यांत व्होल्ट असतात.

रिपेअरला येणाऱ्या वस्तूंवरून सांगायचं तर कुत्र्यांच्या घरातून दोन गोष्टी येतात. एक केस. मागे एक अँप उघडला तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये पिवळसर केसांचा नमद्यासारखा थर, चिमट्याने धरला तर अखंड पट्टी निघून आली हातात. अँप गरम होऊन बंद पडतोय एवढीच तक्रार होती. लॅब वर्षभर झडतं आणि ऋतू बदलताना जास्तच, तेव्हा रॅकचा खालचा खण रिकामा ठेवा, अँप वर चढवा आणि महिन्यातून एकदा अँपच्या हवेच्या फटींवरून मऊ ब्रशसकट व्हॅक्यूम फिरवा. झाकण उघडून आत हात घालू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

दुसरी गोष्ट लघवी. नर असेल तर वयात आल्यावर उभी, एकाकी, कोपऱ्यातली वस्तू त्याला खुणावते आणि फ्लोअरस्टँडर अगदी तसाच असतो. स्पीकरच्या खोक्याचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) एकदा फुगला की परत बसत नाही. पहिल्यांदा झालं की प्लग काढा, टिपून घ्या आणि एन्झाइमवाला क्लीनर वापरा. अमोनियाच्या क्लीनरचा वास त्याला लघवीसारखाच वाटतो, तो पुन्हा तिथेच येणार.

ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा घुमट) कसला आहे? कापडी घुमट दबला तर कधीकधी चिकटपट्टीने हलकेच ओढून वर येतो, धातूचा चेपला तर पूर्ववत होणं कठीण. बेरिलियमचा असेल तर फुटल्यावर तुकड्यांना हातही लावू नका, त्याची धूळ विषारी असते. जिवावर आलं तरी ग्रिल लावा राव, निदान पहिलं वर्ष.

निवांत_श्रोता
एचएमव्हीच्या चित्रातला निपर कुत्रा विसरलात होय? फ्रान्सिस बॅरोने ते चित्र १८९८ साली रंगवलं तेव्हा बिचारा निपर जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि चित्रात ग्रामोफोन नव्हताच, एडिसनच्या जातीचा सिलिंडरवाला फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनी म्हणाली आमचं मशीन काढत असाल तर घेतो, मग १८९९ ला त्याने मशीनवर रंग फासून ग्रामोफोन काढला. थोडक्यात, कुत्रा तोच राहिला आणि सिस्टीम अपग्रेड झाली. घरी हाच मुद्दा मांडून बघा.

तबकडीवेडा
@निवांत_श्रोता, मांडला. लेकीला आवडला, तिच्या आईला नाही.
@सोल्डरवाला, जाळी खरंच माळ्यावर होती, तुम्ही काय कॅमेरा लावलाय का. ट्वीटर कापडी आहे. कुत्र्याला अडवायला लहान मुलांचं फाटक लावून अर्धा हॉल बंद करू का? आणि कानांचं कुणी सांगा ना.

गोटूचीआई
फाटक लावा, पण तुम्ही घरी नसताना. तुम्ही ऐकत बसलात आणि ते पलीकडे असलं की रडगाणं सुरू होतं, मग ना तुमचं ऐकणं ना त्याचं झोपणं. त्यापेक्षा तुमच्या खुर्चीशेजारी चटई टाका आणि 'जागेवर' हा शब्द पहिल्या आठवड्यापासून शिकवा. सुरुवातीला दोन मिनिटं, मग एक गाणं, मग रेकॉर्डची एक बाजू. आमचे दोघं आता सुई खाली टेकल्याचा टक् आवाज आला की आपापल्या चटईवर जाऊन पडतात, हे मी फुशारकी म्हणून सांगतेय.

खर्ज
कानांचं मी सांगतो. कुत्र्याला साधारण ६७ हर्ट्झपासून ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. म्हणजे सबवूफरचा अगदी तळाचा बेस त्याला कानाने फारसा कळत नाही, तो जमिनीतून पोटाला जाणवतो, आणि आवाज कुठून येतोय ते न कळल्यामुळे काही कुत्री बिथरतात. वरच्या टोकाला उलट, आपल्याला शांत वाटणारा एखादा स्वस्तातला अडॅप्टर त्याच्यासाठी शिटी मारत असू शकतो. एखाद्या उपकरणाजवळून ते सारखं उठून जात असेल तर त्याचा प्लग काढून बघा. क्लास डी अँपला (वेगाने चालू-बंद होत चालणाऱ्या अँपला) मात्र उगाच नावं ठेवू नका, त्यांचं स्विचिंग शेकडो किलोहर्ट्झवर चालतं, तिथवर कुत्र्याचाही कान पोचत नाही.

मोठ्या आवाजाचं म्हणाल तर चटई स्पीकरच्या समोर नको आणि खोलीबाहेर जायची वाट उघडी हवी. कान मागे, सारखी जांभई, ओठ चाटणं, धापा, ही चिन्हं दिसली की आवाज खाली. स्कॉटिश एसपीसीए (प्राण्यांसाठी काम करणारी संस्था) आणि ग्लासगो विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास आहे, त्यात आश्रयातली कुत्री सॉफ्ट रॉक आणि रेगेला जास्त निवांत झाली. माझी कुत्री ख्यालाला झोपते, द्रुत सुरू झाला की उठते, तिची तक्रार नाही.

टर्नटेबलबद्दल कुणीच बोललं नाही. शेपूट! मोठ्या लॅबची शेपूट बरोबर कमी उंचीच्या टेबलावरून झाडू मारते आणि मूव्हिंग कॉइलचा कॅन्टिलीव्हर म्हणजे सुई धरणारी केसाएवढी दांडी. भिंतीत शेल्फ ठोकून वर न्या, पळापळीने सुई उड्या मारणंही थांबतं. रेकॉर्ड लावायच्या आधी कार्बन फायबर ब्रश फिरवा, सुईला केस अडकला की आवाज एकदम सर्दी झाल्यासारखा येतो. आणि स्पीकर उंच-अरुंद असतील तर खाली रुंद पाय लावून घ्या, तीस किलोचं कुत्रं चेंडूमागे धावताना वळण घेत नाही.

तबकडीवेडा
शेल्फचं माप घेतलं, जाळी लागली, केसिंग पट्टी रविवारी. एक शेवटचं, माझे स्पीकर मागे पोर्टवाले आहेत, भोक चांगलं मोठं आहे. त्यात चेंडू जाईल का?

सोल्डरवाला
टेनिस बॉल साधारण साडेसहा-पावणेसात सेंटीमीटरचा असतो, पोर्ट मोजा. पण मोठ्या कुत्र्यांच्या घरात चेंडू नसतो अडकत, एका गिऱ्हाइकाचा डावा स्पीकर तीन महिने बोदा वाजत होता, त्यांनी केबल बदलली, अँप दाखवला, मग खोका माझ्याकडे आला. पोर्टमधून चार मोजे निघाले, चारही वेगवेगळ्या जोड्यांचे.